पुन्हा उभ्या राहिलेल्या भिंती : भूतानमधील आठ दिवस

भूतानहून परतल्याला आता वर्ष होत आले आहे. प्रवासात रोज रात्री झोपण्यापूर्वी पान-दोन पाने लिहून ठेवण्याची माझी जुनी सवय आहे, आणि त्या वहीवरूनच हे लेखन करीत आहे. वहीत घाईने खरडलेले बरेच काही येथे गाळले आहे. आम्ही चौघे होतो : मी, माझी पत्नी, तिची धाकटी बहीण आणि माझे साडू. मी पुण्यात पस्तीस वर्षे बांधकामाच्या क्षेत्रात काढली आणि सुटीच्या दिवशी सह्याद्रीतले किल्ले पाहत हिंडलो, त्यामुळे कोठेही गेलो तरी माझी नजर आधी भिंतीकडे वळते आणि मग देखाव्याकडे. पत्नीने याबद्दल तक्रार करणे आता सोडून दिले आहे.

पहिला दिवस, १० नोव्हेंबर २०२४ : बागडोगरा ते फुन्त्शोलिंग

दिवाळी आटोपून निघालो होतो. बागडोगरा विमानतळावरून तिस्ता ओलांडून डुअर्सच्या चहामळ्यांमधून जाणारा रस्ता सुरेख आहे, पण दीडशे किलोमीटरला साडेचार तास लागले. जयगाव हे बंगालमधले शेवटचे गाव. तेथे रिक्षा, हातगाड्या, मालमोटारी आणि हॉर्न यांची एकच गर्दी होती. कमानीतून पलीकडे गेले की फुन्त्शोलिंग लागते आणि आवाज एकदम बंद होतो. हा फरक प्रत्येक प्रवासी लिहितो, त्यामुळे मी तो टाळणार होतो, पण तो खरोखरच तितका ठळक आहे. घड्याळे अर्धा तास पुढे केली. खिशातले रुपये बदलावे लागले नाहीत, कारण तेथील ङुल्ट्रम आणि आपला रुपया यांचे मूल्य सारखेच ठेवलेले आहे.

भारतीयांना व्हिसा लागत नाही, परवाना लागतो, आणि त्यासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते. आमच्या प्रवासाची व्यवस्था ज्यांच्याकडे होती त्यांनी साडूंच्या नावात एक अक्षर चुकवून अर्ज भरला होता, आणि ते अक्षर सुधारून मिळेपर्यंत पावणेदोन तास बाकावर बसून काढावे लागले. खिडकीमागचा तरुण अधिकारी घो, म्हणजे भूतानी पुरुषांचा अंगरखा, नेसून बसला होता; त्याने एकदाही आवाज चढवला नाही आणि एकदाही नियम वाकवला नाही. दर माणशी दर रात्रीचे शाश्वत विकास शुल्क १,२०० रुपये आहे. पूर्वी भारतीयांना ते भरावे लागत नसे. साथीनंतर सप्टेंबर २०२२ मध्ये देश पुन्हा खुला झाला तेव्हापासून ते प्रत्यक्षात घेतले जाऊ लागले. साडूंनी हिशेब करून एक सुस्कारा सोडला. इतर परदेशी पाहुण्यांना रोजचे १०० डॉलर पडतात हे कळल्यावर त्यांना थोडे बरे वाटले.

दुसरा दिवस, ११ नोव्हेंबर : थिंफूकडे

फुन्त्शोलिंगपासून रस्ता लगेच चढू लागतो. तासाभरात डुअर्सचे मैदान आणि तोर्सा नदीचे पांढरे पात्र खाली राहिले आणि गेडूच्या आसपास धुक्याने सारेच झाकून टाकले. हा रस्ता सीमा सडक संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पाने १९६० च्या दशकात बांधला. त्याआधी सीमेवरून थिंफूला पोहोचायला खेचरांच्या तांड्याबरोबर पाच-सहा दिवस लागत. पुढे चुखाचे जलविद्युत केंद्र लागले. भारताच्या साहाय्याने उभारलेला हा ३३६ मेगावॉटचा प्रकल्प १९८० च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण झाला, आणि वीज विकून देश चालवण्याची भूतानची वाट तेथून सुरू झाली.

या दक्षिण उतारावर दुकानांच्या पायऱ्यांवर नेपाळी ऐकू येत होती. ‘सुखी देश’ ही भूतानची ओळख ऐकून येणाऱ्याने हेही ठाऊक ठेवले पाहिजे की १९९० च्या आसपास नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा समाजातील सुमारे एक लाख माणसांना हा देश सोडावा लागला, त्यांची अनेक वर्षे नेपाळमधल्या छावण्यांत गेली आणि २००७ नंतर त्यांतील बहुतेकांना अमेरिका व इतर देशांनी आश्रय दिला. आमच्या मार्गदर्शकाला मी याबद्दल विचारले तेव्हा तो काही क्षण गप्प राहिला, मग म्हणाला, “तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, सर,” आणि खिडकीबाहेर पाहू लागला. मी पुन्हा विचारले नाही.

चुझोमला पारो छू आणि वांग छू या नद्यांचा संगम आहे. तेथे काठावर नेपाळी, तिबेटी आणि भूतानी अशा तीन घडणींचे तीन स्तूप शेजारी शेजारी उभे आहेत. बांधकामाच्या विद्यार्थ्याला एका नजरेत फरक दाखवायचा असेल तर यापेक्षा सोपी जागा मिळणार नाही.

त्या दिवशी चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांचा जन्मदिवस असल्याने देशभर सुटी होती. थिंफूत पोहोचलो तेव्हा चांगलिमिथांगच्या मैदानावर तिरंदाजी चालू होती. दोन्ही लक्ष्यांमधले अंतर जवळजवळ १४५ मीटर असते, म्हणजे ऑलिंपिकच्या अंतराच्या दुपटीहून अधिक, आणि लक्ष्य म्हणजे एक अरुंद, रंगवलेली फळी. बाण सुटलेला दिसतो, मग दिसेनासा होतो, आणि मग पलीकडच्या टोकाला ‘टक्’ असा आवाज होतो. नेम लागला की तिकडचे भिडू फळीसमोर अर्धवर्तुळ करून एक छोटे नृत्य करतात, एक ओळ गातात, आणि नेम साधणारा आपल्या कमरपट्ट्यात एक रंगीत पट्टी खोचतो. फळीपासून हातभर अंतरावर माणसे निर्धास्त उभी असतात. ते पाहून मेव्हणीने डोळे मिटून घेतले. धनुष्ये मात्र बांबूची नव्हती, चाके आणि तारा असलेली आधुनिक परदेशी बनावटीची होती. अंगात गुडघ्यापर्यंतचा घो आणि हातात ते यंत्रासारखे धनुष्य, हे दृश्य कोणालाच विसंगत वाटत नव्हते.

तिसरा दिवस, १२ नोव्हेंबर : थिंफू

शहर पाहून झाले असे म्हणण्यापुरते पाहिले. तिसऱ्या राजांच्या स्मरणार्थ १९७४ मध्ये उभारलेल्या चोर्तेनभोवती, म्हणजे स्तूपाभोवती, सकाळपासून वृद्ध स्त्री-पुरुष माळ ओढत प्रदक्षिणा घालत होते आणि मधूनमधून थर्मासमधला चहा घेत गप्पा मारत होते. आपल्याकडे देवळाच्या पारावर जे चालते तेच. डोंगरावरची पन्नास मीटरांहून उंच बुद्धमूर्ती भव्य आहे, तिच्या पोटात सव्वा लाख छोट्या बुद्धमूर्ती आहेत, पण आकड्यांनी मला फारसे हलवले नाही. शहरात वाहतुकीचे दिवे नाहीत. मुख्य चौकात नक्षीदार छत्रीखाली उभा राहून पोलीस हाताने वाहतूक चालवतो आणि पर्यटक त्याचे फोटो काढतात.

साडू नागपूरचे. दीक्षाभूमीच्या अलीकडच्या गल्लीत त्यांचे बालपण गेले, आणि दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पांढऱ्या कपड्यांतला जनसागर त्यांनी पाहिलेला. बुद्ध म्हणजे शांत, मोकळे सभागृह आणि समोर एकच मूर्ती, हे चित्र त्यांच्या मनात पक्के होते. येथल्या पहिल्याच ल्हाखांगमध्ये, म्हणजे मंदिरात, त्यांना डोळे वटारलेल्या, कवट्यांच्या माळा घातलेल्या संरक्षक देवता, सात वाट्यांतले पाणी, लोण्याच्या रंगीत मूर्ती आणि मध्यभागी बुद्धाच्या बरोबरीने बसलेले गुरू रिन्पोछे, म्हणजे आठव्या शतकातले बौद्ध गुरू पद्मसंभव, दिसले. बाहेर आल्यावर ते म्हणाले, “बाबासाहेबांनी जे सगळे काढून टाकले ते सगळे इथे ठेवले आहे.” हे ते टीका म्हणून म्हणाले नाहीत, चप्पल घालता घालता, विचार करीत म्हणाले.

कचेऱ्या सुटल्यावर ताशिछो जोंग पाहता येतो. जोंग या शब्दाला मराठीत एक शब्द नाही. बाहेरून तो गड आहे : आतल्या अंगाला झुकत गेलेल्या दगडी भिंती, खाली जवळजवळ खिडक्या नाहीत, वर कोरीव लाकडी गवाक्षांची रांग, आणि छपराखाली तांबड्या-विटकरी रंगाचा पट्टा, जो धार्मिक वास्तूवरच असतो. आत शिरले की एका बाजूला सरकारी कचेऱ्या, दुसऱ्या बाजूला भिक्खूंचा मठ, आणि मध्ये उत्से नावाचा मनोरा. राजांचे कार्यालय आणि धर्मप्रमुख जे खेन्पो यांची उन्हाळी गादी एकाच चौकाच्या दोन टोकांना. मी हे सर्व सतराव्या शतकातले म्हणून डोळे भरून पाहत होतो, तेव्हा मार्गदर्शकाने सहज सांगितले की आज दिसणारी बहुतेक वास्तू तिसऱ्या राजांनी १९६० च्या दशकात नव्याने बांधून घेतली, आणि तीही जुन्या पद्धतीने, कागदावर नकाशा न काढता आणि खिळा न ठोकता. माझ्यापेक्षा वयाने लहान असलेली इमारत मी गेली वीस मिनिटे प्राचीन म्हणून न्याहाळत होतो. त्या क्षणापासून पुढचे पाच दिवस मी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारत गेलो : हे कितव्यांदा बांधलेले आहे?

चौथा दिवस, १३ नोव्हेंबर : दोचुला आणि पुनाखा

दोचुला खिंड ३,१०० मीटरवर आहे. डिसेंबर २००३ मध्ये आसाममधील बंडखोरांचे दक्षिण भूतानच्या जंगलातले तळ उठवताना जे सैनिक पडले त्यांच्यासाठी राजमातांनी तेथे १०८ चोर्तेन बांधून घेतले. हवा स्वच्छ होती. उत्तरेला हिमशिखरांची ओळ सलग दिसली. त्यातले गांगखर पुएन्सुम ७,५७० मीटरचे असून त्यावर आजवर कोणी चढलेले नाही, आणि भूतानमध्ये गिर्यारोहणालाच २००३ पासून बंदी असल्याने नजीकच्या काळात कोणी चढेल असेही नाही. सह्याद्रीत प्रत्येक सुळक्यावर दोर टाकणाऱ्या आमच्या मंडळींना हे पचणार नाही, असे मनात आले.

खिंडीवरून उतरताना दोन तासांत पाइनच्या थंडीतून केळी आणि संत्र्यांच्या उबेत आलो. वाटेत द्रुकपा कुन्ले या अवलिया साधूचे चिमी ल्हाखांग लागले. मूल व्हावे म्हणून जोडपी तेथे येतात. साधूच्या आचरट चमत्कारांची आठवण म्हणून वाटेवरच्या सोप्सोखा गावातील घरांच्या भिंतींवर मोठाली लिंगचित्रे रंगवलेली आहेत. आम्ही चौघेही साठीच्या आसपासचे, तरी त्या गल्लीतून कोणी कोणाकडे न पाहता चाललो. शेवटी पत्नीलाच हसू आवरले नाही आणि मग सगळेच हसलो.

पुनाखाचा जोंग पाहण्यासाठी मात्र एक दिवस अपुरा आहे. फो छू आणि मो छू, म्हणजे ‘नर’ आणि ‘मादी’ या दोन नद्यांच्या बेचक्यात तो उभा आहे. झाबद्रुंग ङवांग नामग्याल यांनी १६३७-३८ मध्ये तो बांधला. तिबेटमधून आलेल्या याच पुरुषाने विखुरलेल्या खोऱ्यांचा एक देश केला. १६५१ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा राज्य फुटेल या भीतीने ‘ते ध्यानस्थ आहेत’ असे सांगून ही बातमी सुमारे अर्धशतक दडवून ठेवण्यात आली. त्यांचा देह आजही याच जोंगमधील एका गाभाऱ्यात आहे, जेथे राजे आणि काही मोजके धर्माधिकारी सोडून कोणाला प्रवेश नाही. १९०७ मध्ये पहिल्या राजांचा राज्याभिषेक येथे झाला आणि १९५५ पर्यंत राजधानीही हीच होती.

आता माझा प्रश्न. आत जाण्याचा लाकडी पूल हा दोन्ही काठांवरून ओंडके एकावर एक पुढे सरकवत मध्यभागी भेटवलेला, पाण्यात खांब नसलेला पूल आहे. जुना पूल १९५० च्या दशकातल्या पुरात गेला, पन्नास वर्षे तेथे झुलता पूल होता, आणि २००८ मध्ये जुन्या घडणीचा पूल पुन्हा बांधला. जोंगला अनेकदा आगी लागल्या, १८९७ च्या भूकंपाने तो हादरला, आणि ऑक्टोबर १९९४ मध्ये वरच्या हिमनदीतला लुग्गे सरोवराचा बांध फुटून फो छूला जो लोंढा आला त्यात वीसहून अधिक माणसे गेली आणि जोंगच्या काही भागाची पडझड झाली. त्यानंतरच्या दुरुस्तीत प्रार्थनामंडप नव्याने बांधला गेला. त्या मंडपातल्या खांबांवरचे सोनेरी पत्रे पाहताना मला वाटले होते तितका हिरमोड झाला नाही. कोपऱ्यात दोन बालभिक्खू पाठांतर करता करता पेंगत होते, आणि काही आठवड्यांत जे खेन्पो साऱ्या भिक्खुसंघासह हिवाळ्यासाठी थिंफूहून येथे येणार म्हणून गाद्या उन्हात टाकल्या होत्या. वास्तू नवी होती, पण तिचा वापर जुना होता.

पाचवा दिवस, १४ नोव्हेंबर : वांगदी आणि फोबजिखा

वांगदी फोद्रांगचा जोंग पुनाखाच्या खाली, नदीकाठच्या लांबट धारेवर आहे. १६३८ मध्ये बांधलेला हा जोंग २४ जून २०१२ रोजी एका दिवसात जळाला. भारताच्या अर्थसाहाय्याने तो पुन्हा उभा राहिला आणि २०२२ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. म्हणजे आम्ही पाहिला तेव्हा त्याला दोनच वर्षे झाली होती.

प्रामाणिकपणे लिहितो, पहिल्या अर्ध्या तासात मला तो आवडला नाही. रंग फार भडक, कडा फार धारदार, फरशी फार सपाट. चित्रपटासाठी उभारलेल्या देखाव्यासारखा भास झाला. जुनी भित्तिचित्रे जळाली ती गेलीच, त्यांच्या जागी काढलेली नवी चित्रे निर्दोष असली तरी ती नवी आहेत, हे कोणी नाकारू शकत नाही. मग मी जवळ गेलो. चौकटीच्या कोपऱ्यात दोन लाकडे एकमेकांत गुंतवली होती आणि सांध्यात लाकडाची खुंटी होती. बोटाने चाचपून पाहिले तर फटीत नख शिरत नव्हते. माझ्या साऱ्या कारकिर्दीत इतका नेटका सांधा करू शकणारे तीन-चारच सुतार मला भेटले असतील, आणि येथे एका गवाक्षात असे शंभर सांधे होते. आग लागली म्हणून ही विद्या आणखी एका पिढीच्या हातात उतरली.

भिंतीवर बसून मी मार्गदर्शकाला मोबाइलमधले राजगडाचे फोटो दाखवले. बालेकिल्ला, सदर, वाड्यांची उघडी जोती. त्याने ते फार आदराने पाहिले आणि विचारले, “हे किती वर्षांपूर्वी पडले?” मी सांगितले. “मग पुन्हा का नाही बांधत?” आपल्याकडे जुने अवशेष जसे आहेत तसे जपावेत असे शास्त्र आहे, नव्याने बांधले तर इतिहास खोटा ठरतो, असे मी समजावले. त्याने मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला, “मग तिथे आता कोण राहते?”

त्या प्रश्नाशी मी नंतर बराच वेळ खेळत राहिलो. आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर शनिवारवाडा आहे. १८२८ मध्ये तो अनेक दिवस जळत राहिला आणि उरली ती तटबंदी आणि जोती. तो कोणी पुन्हा बांधला नाही, कारण बांधणारे राज्यच दहा वर्षांपूर्वी संपले होते. ज्यांच्या ताब्यात तो होता त्यांना पेशव्यांच्या दिवाणखान्याची गरज नव्हती. वांगदीत मात्र आग विझल्यावर जिल्ह्याची कचेरी आणि मठ या दोघांनाही राहायला जागा हवी होती. भूतान कधी कोणाची वसाहत झाला नाही. वास्तू टिकवण्याचे कौशल्य आपल्यापाशी कमी होते असे नव्हे. त्यांच्याकडे त्या वास्तूचे काम कधी थांबले नाही, इतकाच फरक आहे. याचा अर्थ आपण शनिवारवाडा सिमेंटने उभारावा असा नाही, हेही लगेच लिहून ठेवतो, कारण हा विषय पुण्यात काढला की भांडण होते.

दुपारी फोबजिखाकडे चढलो. तीन हजार मीटर उंचीवरचे हे रुंद, दलदलीचे खोरे काळ्या मानेच्या क्रौंचांसाठी प्रसिद्ध आहे. ऑक्टोबरच्या अखेरीपासून ते तिबेटच्या पठारावरून येथे हिवाळ्याला येतात. क्रौंच महोत्सव ११ तारखेला होऊन गेला होता. आमचा तीन दिवसांनी चुकला. पण पक्षी होते. संध्याकाळी ते दहा-बाराच्या थव्यांनी उथळ पाण्यात उतरू लागले, उतरण्यापूर्वी लांब पाय पुढे टाकून. त्यांची हाक दूरवरून तुतारीसारखी येते. त्यांना धडक बसू नये म्हणून खोऱ्यातल्या विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत. लोक बटाटे पिकवतात आणि पक्षी आले की दलदलीकडे फिरकत नाहीत.

सहावा दिवस, १५ नोव्हेंबर : एक सुतार, आणि पारो

सकाळी गवतावर पांढरे दहिवर गोठले होते. न्याहारीला लाल भात आणि एमा दात्शी, म्हणजे मिरच्या आणि चीज यांची भाजी. येथे मिरची हा मसाला नसून ती भाजीच आहे. कोल्हापूरकडच्या लोकांनाही विचार करायला लावील अशी. लोण्याचा खारट चहा, सुजा, मला दुसऱ्या दिवसापासून आवडू लागला होता. साडूंना तो शेवटपर्यंत जमला नाही. जेवणानंतर मार्गदर्शक ‘दोमा’ खाई, म्हणजे विड्याचे पान, चुना आणि ओली सुपारी. त्याने एक मला दिला. आपल्या पानाची सवय असलेल्यालाही त्या सुपारीने कानशिले तापतात.

गांगते गोम्पा या मठाखालच्या वस्तीत एका घराचे काम चालू होते. सुतार पन्नाशीचा असावा. त्याने शाईत बुडवलेला दोरा तुळईवर ताणून धरला, चिमटीत उचलला आणि सोडला : लाकडावर काळी, केसासारखी रेघ. मग पटाशी. मोजपट्टी त्याच्याजवळ होती, पण ती बहुतेक वेळ कमरेलाच राहिली. अंतरे तो वितीने आणि बोटांनी घेत होता. मार्गदर्शकाकरवी मी विचारले की कागदावर काही काढतोस का. तो हसला आणि आपल्या कपाळावर बोट ठेवले. त्याच्या हाताखाली एकच मुलगा होता. दुसरा गेल्या वर्षी ऑस्ट्रेलियाला गेला, म्हणाला. हे आम्ही आठ दिवसांत अनेकांकडून ऐकले. मार्गदर्शकाची बहीणही पर्थमध्ये होती. शिकलेली तरुण मुले मोठ्या संख्येने तिकडे जात आहेत, आणि उद्या पुन्हा आग लागली तर रेघ कोण मारणार, हे मी विचारले नाही. निघताना सुताराने बोटाएवढी लाकडी खुंटी माझ्या हातात ठेवली.

पारोपर्यंतचा रस्ता लांब होता. पोहोचलो तेव्हा अंधारले होते आणि पौर्णिमेचा चंद्र वर आला होता. त्रिपुरी पौर्णिमा असल्याचे पत्नीच्या लक्षात आले. घरी असतो तर देवळात दीपमाळ पेटवायला गेलो असतो. किछू ल्हाखांग हे देशातील अतिप्राचीन मंदिरांपैकी एक, सातव्या शतकात तिबेटच्या सोंग्त्सेन गाम्पो राजाने बांधले असे मानतात. आम्हाला दिवा लावायचा होता. पण दिवे देवळात नव्हे, आवारातल्या वेगळ्या खोलीत लावायचे होते, कारण इतकी वर्षे इतक्या लोण्याच्या दिव्यांनी इतकी लाकडी मंदिरे जाळली आहेत. दोघी बहिणींनी तेथे चार दिवे लावले.

सातवा दिवस, १६ नोव्हेंबर : ताकसांग

सकाळी सातला चढायला लागलो. मेव्हणीने अर्ध्या वाटेपर्यंत घोडा केला. माझ्या पत्नीने गुडघ्याला पट्टा बांधून चालायचेच ठरवले होते. वाट पाइन आणि ओकच्या जंगलातून जाते, पताका सर्वत्र, आणि मधल्या उपाहारगृहापाशी पहिल्यांदा कडा समोर येतो. पांढऱ्या भिंती आणि सोनेरी छपरे सरळ कातळाला लटकलेली दिसतात. आठव्या शतकात गुरू रिन्पोछे वाघिणीवर बसून येथे आले आणि गुहेत ध्यानाला बसले, अशी श्रद्धा. त्या गुहेभोवती १६९२ मध्ये मठ बांधला गेला.

तेथून वाट शेकडो पायऱ्यांनी खाली धबधब्यापर्यंत उतरते आणि पुन्हा चढते. हरिश्चंद्रगड केलेल्याला हे अवघड नाही, पण आता मी तो पंचवीस वर्षांपूर्वी केलेला माणूस आहे. पत्नी माझ्या पुढे होती. ३,१२० मीटरवरच्या दारात मोबाइल, पिशव्या, सर्व ठेवून घेतात.

१९ एप्रिल १९९८ रोजी येथे आग लागली आणि मुख्य वास्तू नष्ट झाली. जेथे पायी पोहोचायला तीन तास लागतात तेथे आग विझवायला कोण पोहोचणार? २००५ पर्यंत मठ पुन्हा उभा राहिला. मार्गदर्शकाचे वडील त्या कामावर ओझी वाहायला होते; एक तुळई वर न्यायला कधी कधी आख्खा दिवस जाई आणि वळणावर ती फिरवायलाच आठ माणसे लागत, असे ते सांगत. मी आतल्या एका खिडकीपाशी बसलो. खाली सरळ शेकडो मीटर पोकळी होती. भिंतीचा पाया कातळाच्या एका अरुंद पायरीवर टेकलेला होता आणि दगडातल्या उंचसखल भागांना लाकडाच्या पाचरांनी सांधून घेतले होते. हे काम मी कागदावर मंजूर केले नसते. एका भिक्खूने आमच्या ओंजळीत केशराचे पाणी घातले. अर्धे प्यायचे आणि उरलेले डोक्यावरून फिरवायचे. साडूंनी हात जोडून हळू आवाजात ‘बुद्धं शरणं गच्छामि’ म्हटले. तो भिक्खू थांबला, त्याने शेवटपर्यंत ऐकले आणि मग पुढच्या माणसाकडे वळला.

उतरायला चढण्याइतकाच वेळ लागला. रात्री गरम दगड टाकून तापवलेल्या पाण्यात चौघांनी पाय सोडून बसणे, याहून अधिक काही लिहिण्यासारखे त्या दिवशी उरले नव्हते.

आठवा दिवस, १७ नोव्हेंबर : पारो, आणि परत

सकाळी रिनपुंग जोंग पाहिला. तो १६४६ चा; १९०७ च्या आगीत जळाला तेव्हा फक्त एक थोंगद्रोल, म्हणजे उत्सवात भिंतीवर उलगडतात ते प्रचंड रेशमी चित्र, वाचले असे सांगतात. वर खोऱ्याच्या टोकाला असलेल्या द्रुकग्याल जोंगपर्यंत मात्र गेलो नाही. तो १९५१ मध्ये जळून साठ-पासष्ट वर्षे नुसत्या भिंतींच्या रूपात उभा होता, अगदी आपल्या गडांसारखा, आणि २०१६ मध्ये राजपुत्राच्या जन्माचे निमित्त साधून त्याच्या पुनर्बांधणीला हात घालण्यात आला. तो अवशेषाच्याच रूपात आधी पाहिलेला माझा एक मित्र मला म्हणाला होता की तेव्हा तो अधिक सुंदर होता. त्याचे म्हणणे मला समजते.

पारोचे विमानतळ डोंगरांच्या घळीत आहे आणि तेथे विमान उतरवण्याची परवानगी मोजक्याच वैमानिकांना आहे. सामान तपासणाऱ्या अधिकाऱ्याने माझ्या पिशवीतून ती लाकडी खुंटी बाहेर काढली. मी काही सांगणार इतक्यात त्याने ती नाकाशी नेली, वास घेतला, अंगठ्याने तिची धार पाहिली आणि हिंदीत विचारले, “घराची आहे की ल्हाखांगची?” घराची, मी म्हणालो. त्याने ती जेथून काढली होती त्याच कप्प्यात परत ठेवली आणि पिशवीची चेन लावून दिली. घड्याळ अर्धा तास मागे करायचे मी विसरलो, ते कोलकात्यात लक्षात आले.